सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं : ऑलिव्हिया डी हॅविलंड विरुद्ध वॉर्नर ब्रदर्स

हॉलिवूडची नटी ऑलिव्हिया डी हॅविलंड हिच्याबद्दलच्या लेखात 'तिने स्टुडिओंची गुलामगिरी संपवली' हे वाक्य हमखास असतं. तिचा मान त्यात राखला जातो, पण तिने नेमकं काय केलं ते मात्र कळत नाही. वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओशी केलेला करार मोडून ती पळाली नाही. नुकसानभरपाई मागितली नाही. स्टुडिओने आपल्याला वाईट भूमिका दिल्या, असं कोर्टाकडून म्हणवून घेण्याचाही तिचा आग्रह नव्हता. कराराची सात वर्षं पुरी होईपर्यंत ती थांबली आणि मग कोर्टाला एकच प्रश्न विचारला : हा करार अजून चालू आहे की संपला? तिच्याआधी याच स्टुडिओशी भांडलेल्या नटी बेटी डेव्हिसला जे जमलं नाही ते हिला का जमलं, याचं उत्तर बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या मांडणीत आणि तो विचारण्याच्या वेळेत आहे.

स्टुडिओचा करार चालायचा कसा

१९३० च्या दशकातला हॉलिवूडचा ठरावीक करार सात वर्षांचा म्हणून ओळखला जाई. प्रत्यक्षात ती सात वर्षं नटाच्या बाजूने पक्की आणि स्टुडिओच्या बाजूने कच्ची असत. पहिली मुदत साधारण वर्षभराची. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर करार वाढवायचा की नटाला सोडून द्यायचं, हे स्टुडिओ ठरवणार. वाढवला तर पगारात ठरल्याप्रमाणे वाढ. नटाला मात्र कुठल्याच टप्प्यावर 'मला पुढे काम करायचं नाही' असं म्हणता येत नसे. शिवाय वर्षातल्या ५२ आठवड्यांपैकी साधारण ४० आठवड्यांचा पगार मिळे, उरलेल्या काळात स्टुडिओ बिनपगारी बसवू शके.

या रचनेतली सर्वांत जाचक गोष्ट म्हणजे निलंबनाचं कलम. स्टुडिओ पटकथा पाठवी. नटाने भूमिका नाकारली की त्या दिवसापासून पगार बंद. ती भूमिका दुसऱ्या कुणाकडून करून घेतली जाईपर्यंत निलंबन चालू, आणि तेवढ्या काळात नटाने दुसरीकडे कुठेही काम करायचं नाही. इथवर ते कामावर न येणाऱ्याचा पगार कापण्यासारखं वाटतं. पण जितके आठवडे निलंबन चाललं तितके आठवडे कराराच्या शेवटी जोडले जात. नऊ आठवड्यांच्या चित्रपटाला नाही म्हटलं, तर नऊ आठवड्यांचा पगारही गेला आणि सुटकेचा दिवसही नऊ आठवडे पुढे ढकलला गेला. त्या जोडलेल्या काळात पुन्हा एखादी भूमिका नाकारली, तर त्याचेही आठवडे पुन्हा शेवटी. म्हणजे नाही म्हणणाऱ्या नटाचा करार कधी संपायचा ते कागदावर कुठेच ठरलेलं नव्हतं.

तिसरं साधन उसनवारीचं. स्टुडिओ आपला नट दुसऱ्या निर्मात्याला भाड्याने देई. भाडं जास्त घेई, नटाला मात्र त्याचा ठरलेला आठवड्याचा पगारच देई. वरचे पैसे स्टुडिओचे.

टोकियो ते बरबँक

ऑलिव्हियाचा जन्म १ जुलै १९१६ चा, टोकियोतला. आईवडील ब्रिटिश. वडील तिथे पेटंटविषयक वकिली करत, आई लिलियन रंगभूमीवरची नटी. १९१९ मध्ये आई दोन्ही मुलींना घेऊन कॅलिफोर्नियात आली आणि पुढे साराटोगा या लहान गावात त्यांचं बिऱ्हाड झालं. धाकटी बहीण पुढे जोन फाँटेन या नावाने प्रसिद्ध झाली. फाँटेन हे सावत्र वडिलांचं आडनाव. घरातली शिस्त कडक होती. शाळेच्या नाटकात काम करण्यावरून सावत्र वडिलांनी निर्वाणीचं सांगितलं, तेव्हा तिने नाटक न सोडता घर सोडलं आणि ओळखीच्या कुटुंबाकडे राहायला गेली. पुढच्या गोष्टीची ओळख पटावी इतका हा प्रसंग बोलका आहे.

१९३४ मध्ये नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांनी हॉलिवूड बोल या खुल्या नाट्यगृहात शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' उभं केलं. त्यात ऑलिव्हिया हर्मियाच्या भूमिकेसाठी दुसऱ्या क्रमांकाची बदली नटी होती. मुख्य नटी आणि पहिली बदली, दोघी चित्रपटांच्या कामासाठी निघून गेल्या आणि अठरा वर्षांच्या मुलीला ती भूमिका मिळाली. शिक्षिका होण्यासाठी मिल्स कॉलेजात जायचं ठरलं होतं, शिष्यवृत्तीही हाती होती. पण राइनहार्ट वॉर्नरसाठी त्याच नाटकाचा चित्रपट करणार होते. १२ नोव्हेंबर १९३४ रोजी तिने बरबँकच्या वॉर्नर ब्रदर्सशी पाच वर्षांचा करार केला, सुरुवातीचा पगार आठवड्याला २०० डॉलर.

१९३५ च्या 'कॅप्टन ब्लड'मध्ये नट एरल फ्लिनबरोबर तिची जोडी जमली. चित्रपट चालला. १४ एप्रिल १९३६ रोजी नवा करार झाला, या वेळी सात वर्षांचा, आठवड्याला ५०० डॉलरपासून. त्या दिवशी ती १९ वर्षांची होती. या करारानुसार काम सुरू झालं मे १९३६ मध्ये. पुढच्या सगळ्या खटल्याचं गणित या महिन्यापासून मोजायचं आहे.

भांडण कशावरून

फ्लिनबरोबर तिने एकूण आठ चित्रपट केले. वॉर्नरच्या दृष्टीने ती नायकाने वाचवायची सुंदर मुलगी होती. गिऱ्हाईक त्यावर खूश, म्हणून स्टुडिओही खूश.

'गॉन विथ द विंड'मधली मेलनीची भूमिका तिला मिळाली ती वॉर्नरमुळे नव्हे. निर्माता डेव्हिड सेल्झनिक याला ती हवी होती. स्टुडिओप्रमुख जॅक वॉर्नर उसनी द्यायला तयार नव्हता, तेव्हा तिने त्याच्या बायकोची, ॲन वॉर्नरची भेट घेऊन गळ घातली आणि मार्ग निघाला. १९३९ च्या त्या चित्रपटासाठी तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. पुरस्कार त्याच चित्रपटातल्या हॅटी मॅकडॅनियलला गेला. ऑलिव्हिया परत वॉर्नरकडे आली, तर समोर पुन्हा तशाच भूमिका. १९४० च्या सुरुवातीला तिने काही भूमिका नाकारल्या आणि पहिलं निलंबन आलं.

१९४१ चा 'होल्ड बॅक द डॉन' पॅरामाउंट या दुसऱ्या स्टुडिओचा. पुन्हा उसनवारी, पुन्हा नामांकन, या वेळी मुख्य अभिनेत्रीचं. हा नमुना तिच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं : ज्या दोन कामांनी तिला नटी म्हणून मान मिळवून दिला, ती दोन्ही तिच्या स्वतःच्या स्टुडिओबाहेरची होती. (त्या वर्षी तिला हरवलं ते जोन फाँटेनने. बहिणींच्या वैराच्या कथा खूप रंगवल्या गेल्या आहेत, या प्रकरणाशी त्यांचा संबंध नाही.)

उसनवारीची दुसरी बाजूही तिने पाहिली. १९४३ चा 'गव्हर्नमेंट गर्ल' हा आरकेओ या स्टुडिओचा चित्रपट तिला नको होता. पण तिच्या सेवांचा हक्क एका निर्मात्याकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित झाला होता आणि तिला तो करावा लागला. एकीकडे नकार द्यायचा आणि मुदत वाढवून घ्यायची, दुसरीकडे मुकाट काम करून मुदत संपवायची, अशी ही दोरीवरची चाल होती. मे १९४३ उजाडला. सात वर्षं भरली. स्टुडिओने हिशेब पुढे केला : निलंबनाचे मिळून सुमारे सहा महिने अजून देणं आहे.

मार्टिन गँग यांचा सल्ला

तिचे वकील मार्टिन गँग यांनी ज्या कायद्याकडे बोट दाखवलं, तो चित्रपटांसाठी केलेला नव्हता. कॅलिफोर्नियाच्या १८७२ च्या सिव्हिल कोडात एक जुनी तरतूद होती : माणसाने स्वतःच्या श्रमाचा करार केला, तर तो ठरावीक काळापलीकडे त्याच्याविरुद्ध बजावता येणार नाही. मुळात हा काळ दोन वर्षांचा होता, मग पाच झाला आणि १९३१ मध्ये सात. १९३७ मध्ये ही तरतूद लेबर कोडात कलम २८५५ म्हणून आली. स्टुडिओंचे करार नेमके सात वर्षांचे असत त्याचं कारण हेच. कायद्याने दिलेली कमाल मर्यादा ते पुरेपूर वापरत होते.

कलमातले दोन तपशील महत्त्वाचे. एक, मर्यादा मोजायची ती त्या कराराखालच्या सेवेच्या आरंभापासून. दोन, मर्यादा एकतर्फी आहे. करार नोकराविरुद्ध बजावता येत नाही, मालकाला या कलमाचा आधार घेऊन अंग काढून घेता येत नाही.

२३ ऑगस्ट १९४३ रोजी दावा दाखल झाला. मागणी होती घोषणात्मक निवाड्याची, म्हणजे पक्षकारांचे हक्क काय आहेत एवढंच कोर्टाने जाहीर करावं. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत हुशार निर्णय हाच. नुकसानभरपाई मागितली असती, तर कुणाचं वागणं चूक, कुठली भूमिका हलकी, कोण किती हटवादी, हे सगळं तपासावं लागलं असतं. घोषणेसाठी लागतो तो कराराचा कागद, कायद्याचं कलम आणि दोन तारखा.

शेजारी बेटी डेव्हिसचं प्रकरण ठेवलं की फरक लख्ख दिसतो. १९३६ मध्ये डेव्हिसही याच वॉर्नरला कंटाळून इंग्लंडला गेली आणि तिथल्या निर्मात्याशी बोलणी केली. तिचा करार तेव्हा चालू होता, बरीच वर्षं बाकी होती. वॉर्नरने लंडनच्या कोर्टात जाऊन मनाईहुकूम मागितला. करारातल्या अटी जाचक आहेत हा तिचा बचाव टिकला नाही. 'वॉर्नरसाठी काम कर' असं कोर्ट तिला सांगू शकत नव्हतं, पण 'इतर कुणासाठी करू नकोस' असं सांगू शकत होतं, आणि तेच सांगितलं. ती हरली, खर्चात पडली आणि परत आली. तिची बाजू नैतिकदृष्ट्या कमकुवत होती असं अजिबात नाही. पण मुदतीच्या मधोमध करार सोडणाऱ्याला कायदा हात देत नाही. आपल्याकडे १९३९ मध्ये शांता आपटे यांनी पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषण केलं, तेही असंच करारात अडकलेल्या कलावंताचं भांडण. कोर्टाची पायरी न चढता लोकांसमोर मांडलेलं.

कोर्टात काय झालं

वॉर्नरचा मुख्य युक्तिवाद ऐकताना पटण्यासारखाच वाटतो. सात वर्षं म्हणजे सात वर्षांची प्रत्यक्ष सेवा. नटी जितका काळ कामावर नव्हती तितका काळ सेवेत धरायचा नाही. दुसरा मुद्दा : निलंबनाची आणि मुदतवाढीची अट तिने स्वतः सही करून मान्य केली होती, म्हणजे कायद्याने दिलेल्या संरक्षणावर तिने आपणहून पाणी सोडलं. तिसरा : निलंबन तिच्याच नकारामुळे आलं, मग स्वतःच्या चुकीचा फायदा तिला कसा मिळावा?

लॉस एंजेलिसच्या सुपीरियर कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. वॉर्नरने अपील केलं. ८ डिसेंबर १९४४ रोजी अपील कोर्टाने तो निकाल एकमताने कायम केला, आणि कायद्याच्या दृष्टीने मोलाची कारणमीमांसा या दुसऱ्या निवाड्यातच आहे.

कोर्टाने म्हटलं, सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची. प्रत्यक्ष सेवेचीच वर्षं मोजायची ठरली, तर सात वर्षांचं काम पुरं करून घ्यायला मालक माणसाला कितीही काळ बांधून ठेवू शकेल, मग मर्यादेला अर्थच उरत नाही. हक्क सोडण्याच्या मुद्द्यावर कोर्ट आणखी ठाम होतं. सार्वजनिक हितासाठी केलेला कायदा खासगी कराराने रद्द करता येत नाही, असं कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल कोडातच लिहिलेलं आहे. कलम २८५५ तशा कायद्यांपैकी आहे का? आहे, कारण त्यामागे माणसाला ठरावीक काळानंतर मालक बदलण्याची मोकळीक असावी हा विचार आहे. अनुभव आणि कौशल्य वाढलं की त्या बळावर पुढे सरकण्याची, जास्त मोबदला मागण्याची संधी माणसाला मिळायला हवी. ही मोकळीक नोकरी मिळवण्याच्या दिवशी, पोटासाठी केलेल्या सहीने विकता आली, तर कायदा नसल्यासारखाच.

तिसरा मुद्दा यातच विरघळतो. नकार देणं हा करारभंग असला, तर त्यावर मालकाला कायद्यातले इतर उपाय होतेच. मुदत सात वर्षांपलीकडे ताणणं हा उपाय मात्र नव्हता. भूमिका खरोखर वाईट होत्या का, यावर निकाल अवलंबून राहिलाच नाही.

फेब्रुवारी १९४५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि निवाडा अंतिम झाला.

मधल्या काळाची किंमत

जिंकण्याच्या बातमीत हा भाग नेहमी दबतो. दावा दाखल झाल्यापासून अंतिम शब्द येईपर्यंत दीड वर्ष गेलं. पहिल्या कोर्टात जिंकूनही तिला काम मिळत नव्हतं, कारण अपील लोंबकळत होतं. तिला घेऊ नये असं वॉर्नरने इतर निर्मात्यांना लिहून कळवलं होतं, आणि उद्या निकाल फिरला तर अर्धा चित्रपट अडकेल हा धोका कुणी पत्करणार नव्हतं. १९४४ आणि १९४५ या दोन्ही वर्षांत तिचा एकही नवा चित्रपट पडद्यावर आला नाही. वय २७ ते २९. त्या काळच्या नायिकेसाठी ही वर्षं सोन्याची. वकिलांचा खर्च स्वतःच्या खिशातून, उत्पन्न जवळपास बंद. हरली असती तर परत त्याच जॅक वॉर्नरपुढे उभं राहायचं होतं.

तो काळ तिने युद्धातल्या सैनिकांसाठीच्या दौऱ्यांत घालवला. नोव्हेंबर १९४१ मध्ये ती अमेरिकेची नागरिक झाली होती. आता ती अलास्कापासून दक्षिण पॅसिफिकपर्यंत लष्करी रुग्णालयांत जखमींना भेटत फिरली. पॅसिफिकच्या दौऱ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि तिथल्याच एका बेटावरच्या लष्करी दवाखान्यात राहावं लागलं.

वॉर्नरने शेवटचा टोला दिला तो 'डिव्होशन'मध्ये. १९४२-४३ मध्ये चित्रित झालेला हा चित्रपट १९४६ पर्यंत पडून राहिला आणि आला तेव्हा श्रेयनामावलीत तिचं नाव तिसऱ्या क्रमांकावर होतं.

मोकळीक मिळाल्यावर तिने काय निवडलं

मला तिच्या कारकिर्दीचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण खटला लढवण्याचा हेतू इथे तपासून घेता येतो. 'टू ईच हिज ओन' या पॅरामाउंटच्या चित्रपटासाठी दिग्दर्शक मिचेल लायसन हवा असा तिचा आग्रह होता. 'होल्ड बॅक द डॉन' त्यानेच केला होता. तरुणपणी मूल दुसऱ्याला द्यावं लागलेली आई प्रौढ वयापर्यंत रंगवायची होती. त्याबद्दल मार्च १९४७ मध्ये तिला पहिलं ऑस्कर मिळालं. १९४८ च्या 'द स्नेक पिट'मध्ये ती मनोरुग्णालयातली रुग्ण झाली : मेकअप नाही, विस्कटलेले केस, भेदरलेला चेहरा. वॉर्नरने हे काम तिला दिलं असतं अशी कल्पनाही करवत नाही. मग 'द हेअरेस', १९४९. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचं हे नाटक पाहून तिनेच दिग्दर्शक विल्यम वायलरला त्याचा चित्रपट करायला सुचवलं. दुसरं ऑस्कर. सात वर्षांच्या करारात एकही नाही, सुटकेनंतर दोन.

पन्नासच्या दशकात ती पॅरिसला स्थायिक झाली. १९६५ मध्ये कान महोत्सवाच्या परीक्षक मंडळाची अध्यक्ष झालेली ती पहिली स्त्री. १०४ वर्षांचं आयुष्य जगून २६ जुलै २०२० रोजी पॅरिसमध्येच गेली.

निवाड्याचं पुढे काय झालं

स्टुडिओपद्धत या एका निकालाने कोसळली, असं म्हणणं अतिशयोक्तीचं आहे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टुडिओंची चित्रपटगृहांवरची पकड सोडवली, टीव्ही आला, प्रेक्षक घटले, आणि नट पगारावर पाळणं स्टुडिओंनाच परवडेना. पण निलंबनाचे आठवडे शेवटी जोडण्याचं हत्यार मोडलं ते याच निवाड्याने. 'नाही' म्हणण्याची किंमत आता फक्त बुडालेला पगार एवढीच उरली.

चित्रपटाबाहेरही हे कलम चालतं. संगीत कंपन्यांचे करार वर्षांत न मोजता अल्बमांत मोजले जात, आणि ठरलेले अल्बम सात वर्षांत पुरे होणं अवघड. म्हणून १९८७ मध्ये कलमात दुरुस्ती झाली : गायक-वादक सात वर्षांनी बाहेर पडू शकतो, पण न दिलेल्या अल्बमांबद्दल कंपनी नुकसानभरपाईचा दावा लावू शकते. २००८ मध्ये ईएमआय या संगीत कंपनीने नट-गायक जॅरेड लेटोच्या 'थर्टी सेकंड्स टू मार्स' या बँडवर तीन कोटी डॉलरचा दावा लावला तो याच वाटेने. पुढच्या वर्षी तो तडजोडीत मिटला.

आणखी एक पळवाट मालकांना नेहमी खुणावत आली आहे. जुन्या कराराची मुदत चालू असतानाच थोडा पगार वाढवून नवा करार करायचा आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली असं म्हणायचं. मुष्टियोद्धा ऑस्कर दे ला होया याच्या २००१ च्या प्रकरणात तिथल्या संघीय कोर्टाने हे मानलं नाही. जुन्या करारातून खरोखर मोकळं होऊन, कुणाशीही बोलणी करण्याची संधी मिळाल्याशिवाय केलेली मुदतवाढ सात वर्षांची मोजणी नव्याने सुरू करू शकत नाही, असा त्याचा आशय. ऑलिव्हियाचा १९३६ चा करारही १९३४ च्या पाच वर्षांच्या कराराची मुदत चालू असतानाच झालेला होता. तिच्या खटल्यात मोजणी मे १९३६ पासूनच धरली गेली. दे ला होयाच्या निकालातली कसोटी लावून ती पहिल्या करारापासून धरली, तर सात वर्षं १९४१ च्या अखेरीसच भरतात.